व्हिएन्ना ते ब्रॅम्ली : लिझे माइटनर यांच्या वाटेने

सोमवार, व्हिएन्ना

भौतिकशास्त्रज्ञ लिझे माइटनर हे नाव आपल्याकडे निघते ते बहुधा नोबेलच्या संदर्भात. 1944 सालचे रसायनशास्त्राचे पारितोषिक एकट्या ऑटो हान यांना मिळाले आणि युरेनियमचे केंद्रक दुभंगते म्हणजे नेमके काय घडते हे ज्यांनी उलगडून सांगितले त्या माइटनर बाजूला राहिल्या, एवढी हकिकत सांगून झाली की विषय संपतो. माझी थोरली बहीण महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवून नुकतीच निवृत्त झाली आहे आणि तिची याविषयी जुनी तक्रार आहे. बाईंवर अन्याय झाला हे सगळ्यांना पाठ असते, पण बाईंनी आयुष्यभर काम काय केले असे विचारले की वर्गात शांतता पसरते, असे ती म्हणते. त्यामुळे सहलीचा बेत तिनेच आखला होता. माइटनर जिथे शिकल्या आणि जिथे त्यांनी काम केले ती ठिकाणे शक्यतो कालक्रमाने आणि जमेल तितके रेल्वेने गाठायची.

सकाळी प्राटरश्टेर्न स्थानकावर उतरून आम्ही हाइनेश्ट्रासे 27 गाठले. लेओपोल्डश्टाट हा ज्यूंच्या दाट वस्तीचा भाग होता आणि या रस्त्याचे नाव तेव्हा कैसर-योसेफ-श्ट्रासे असे होते. वकील फिलिप माइटनर यांच्या आठ मुलांपैकी तिसरी मुलगी लिझे येथे नोव्हेंबर 1878 मध्ये जन्मली. त्या काळी ऑस्ट्रियात मुलींचे सरकारी शिक्षण चौदाव्या वर्षी संपत असे. विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागाचे (विज्ञानही त्यातच शिकवत) दार स्त्रियांना 1897 मध्ये उघडले खरे, पण त्यासाठी लागणारी परीक्षा मुलींना शाळेत शिकवलीच जात नव्हती. वडिलांच्या समाधानासाठी लिझे यांनी फ्रेंच शिकवण्याची पात्रता मिळवली, मग शिकवणी लावून आठ वर्षांचा अभ्यासक्रम दोन वर्षांत उरकला. ‘आज तू एका खोलीतून दुसऱ्या खोलीत पुस्तक न उघडता गेलीस, नक्की नापास होणार’ अशी भावंडे चिडवत. बेथोफेनप्लाट्झवरच्या अकॅडेमिशेस गिम्नासियममध्ये 1901 साली ही परीक्षा बाहेरून देणाऱ्या चौदा मुलींपैकी चारच उत्तीर्ण झाल्या, त्यांत लिझे होत्या आणि भौतिकशास्त्रज्ञ लुडविग बोल्ट्झमान यांची मुलगी हेन्रिएटे हीसुद्धा होती. आता तिथे मुलेमुली एकत्र शिकतात. आम्ही पोहोचलो तेव्हा मधली सुटी झाली होती आणि फाटकाशी एवढी गर्दी होती की इमारत नीट पाहायला रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभे राहावे लागले.

विद्यापीठाची पदार्थविज्ञान संस्था तेव्हा तुर्केनश्ट्रासेवरच्या एका जुन्या, मोडकळीस आलेल्या राहत्या घरात भरत असे. इथे आग लागली तर फार थोडे जिवंत बाहेर पडतील, असे आपल्याला वाटत असे, असे माइटनर पुढे सांगत. याच खोल्यांत त्यांनी बोल्ट्झमान यांची व्याख्याने ऐकली. पदार्थ अणूंचा बनलेला आहे हे मान्य न करणारे वजनदार शास्त्रज्ञ तेव्हा व्हिएन्नातच होते, आणि बोल्ट्झमान अणूंच्या बाजूने जीव तोडून बोलत. 1906 मध्ये माइटनर यांना डॉक्टरेट मिळाली. व्हिएन्ना विद्यापीठातून पदार्थविज्ञानात ती मिळवणाऱ्या त्या दुसऱ्या स्त्री होत्या. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बोल्ट्झमान यांनी दुइनो येथे आत्महत्या केली.

दुपारी 71 क्रमांकाच्या ट्रामने मध्यवर्ती दफनभूमीत गेलो. तेथे येणारे पर्यटक बेथोफेन आणि शूबर्ट यांच्याकडे वळतात, आम्ही बोल्ट्झमान यांच्याकडे गेलो. अर्धपुतळ्याच्या डोक्यावर ‘एस बरोबर के लॉग डब्ल्यू’ हे पदार्थातल्या अव्यवस्थेचे माप देणारे त्यांचे समीकरण कोरलेले आहे. ताईने ते फळ्यावर किती पिढ्यांसाठी लिहिले असेल! इथे मात्र ती बराच वेळ काही न बोलता उभी राहिली आणि मग म्हणाली, ‘लॉगचा पाया लिहिलेला नाही, माझ्या विद्यार्थ्यांचे मी गुण कापले असते.’

बुधवार, बर्लिन

मंगळवार सगळा रेल्वेत गेला. माइटनर 1907 मध्ये माक्स प्लांक यांची व्याख्याने ऐकण्यासाठी थोड्या काळापुरत्या म्हणून बर्लिनला आल्या आणि 31 वर्षे राहिल्या.

नैसर्गिक इतिहास संग्रहालयाच्या भुयारी स्थानकापासून हेसिशे श्ट्रासे चालत दोन-चार मिनिटांवर आहे. पहिल्या क्रमांकाची भक्कम विटांची इमारत म्हणजे एमिल फिशर यांची रसायनशास्त्र संस्था. प्रशियात स्त्रियांना विद्यापीठात रीतसर प्रवेश नव्हता आणि फिशर यांना स्त्रियांच्या केसांना प्रयोगशाळेत आग लागेल अशी धास्ती होती. ऑटो हान यांना किरणोत्सर्गावर काम करायला भौतिकशास्त्र जाणणारा सहकारी हवा होता, म्हणून तडजोड झाली. बाईंनी तळमजल्याखालच्या जुन्या सुतारकामाच्या खोलीत काम करावे, तिला बाहेरून वेगळे दार आहे ते वापरावे, आणि वरच्या मजल्यावर पाऊल ठेवू नये. हान वर जाऊन रसायनांचे प्रयोग करत, माइटनर खालीच थांबत. स्वच्छतागृहासाठी त्यांना जवळच्या उपाहारगृहात जावे लागे. पगार नव्हता. वडील पाठवत त्या पैशांत खोलीचे भाडे, पाव आणि कॉफी भागत असे. 1908 मध्ये प्रशियाने स्त्रियांना विद्यापीठे खुली केली, त्यानंतर फिशर यांनी मनाई उठवली आणि माइटनर यांच्यासाठी स्वच्छतागृहही झाले. पुढे फिशर त्यांच्या ठाम पाठीराख्यांपैकी एक झाले, हेही सांगायला हवे.

इमारतीत आता विद्यापीठाचे कामकाज चालते. रस्त्यावरून तळघराच्या अर्ध्या खिडक्या दिसतात. अशा खोलीत जेमतेम उजेडात बसून या दोघांनी बीटा किरणांची, म्हणजे किरणोत्सारी पदार्थांतून बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनांची, मोजणी केली. चुंबकीय क्षेत्रातून बीटा कण वळवायचे आणि छायाचित्रणाच्या पट्टीवर रेषा उमटवायच्या, अशी ती पद्धत होती. प्रत्येक शुद्ध किरणोत्सारी पदार्थ एकाच ऊर्जेचे बीटा कण सोडतो असे त्यांनी गृहीत धरले होते. ते गृहीतक चुकीचे निघाले, पण ते चुकीचे आहे हे सिद्ध होण्याइतकी अचूक मोजणी याच पद्धतीतून पुढे आली.

संध्याकाळी उन्टर डेन लिंडेनवर हुम्बोल्ट विद्यापीठाच्या प्रांगणात गेलो. हेल्महोल्ट्झ, मॉमझेन आणि प्लांक यांच्या पुतळ्यांच्या संगतीत 2014 मध्ये माइटनर यांचा ब्राँझचा पुतळा बसवला गेला. चौथरा मोठा आणि त्यावरची आकृती लहान, किंचित कडेला उभी. शिल्पकार आना फ्रान्झिस्का श्वार्झबाख यांनी ते मुद्दामच तसे केले असणार. मला पुतळा आवडला. ताईला आवडला नाही. बिचारेपणा दाखवला की लोकांना समजले असे वाटते, हे तिचे म्हणणे. ज्या बाईंच्या विभागात हाताखालच्या माणसांना शिस्तीचा धाक होता, त्या बाई इथे दिसत नाहीत, असे ती म्हणाली.

गुरुवार, डाहलेम

बर्लिनमधले डाहलेम हे सगळ्या प्रवासातले खरे ठिकाण आणि त्यासाठी आम्ही पूर्ण दिवस राखून ठेवला होता. यू 3 या मार्गाने थीलप्लाट्झला उतरलो. थीलआले 63 येथे कैसर विल्हेल्म रसायनशास्त्र संस्था 23 ऑक्टोबर 1912 रोजी खुद्द कैसरच्या हस्ते उघडली गेली. एका कोपऱ्यावर गोल मनोरा आणि त्यावर टोकदार छप्पर, तेव्हाच्या प्रशियन शिरस्त्राणाची आठवण करून देणारे. सुरुवातीला इथेही माइटनर यांचे स्थान पाहुणीचेच होते. त्याच वर्षी प्लांक यांनी त्यांना आपल्या सहायक नेमले आणि त्यांना पहिल्यांदा पगार मिळाला. पहिल्या महायुद्धात त्या ऑस्ट्रियाच्या सैन्यात क्ष-किरण परिचारिका म्हणून गेल्या, आणि परतल्यावर हान आघाडीवर असताना प्रोटॅक्टिनियम या मूलद्रव्याच्या शोधाचे बरेचसे काम त्यांनी एकटीने केले. 1918 मध्ये तो शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्या सुमारास संस्थेत भौतिकशास्त्राचा स्वतंत्र विभाग त्यांच्या हाती आला आणि 1926 मध्ये त्या बर्लिन विद्यापीठात प्राध्यापक झाल्या. जर्मनीत भौतिकशास्त्राची प्राध्यापक झालेली ही पहिली स्त्री. त्याआधी 1922 मध्ये विश्वातल्या भौतिक प्रक्रियांवर त्यांनी पहिले जाहीर व्याख्यान दिले, तेव्हा एका वर्तमानपत्राने ‘कॉस्मिक’चे ‘कॉस्मेटिक’ करून टाकले होते.

या इमारतीतल्या दोन गोष्टी ताईने मला दारात उभे राहून सांगितल्या आणि त्या इथे सविस्तर लिहितो, कारण त्यांवरून बाईंचे काम कळते. पहिली गोष्ट स्वच्छतेची. नवी इमारत किरणोत्सारी पदार्थांनी माखू नये म्हणून दारांच्या मुठींशेजारी आणि टेलिफोनशेजारी कागदाच्या गुंडाळ्या टांगलेल्या असत. मूठ किंवा फोन हाताने न धरता कागदाने धरायचा. हस्तांदोलन करायचे नाही. मोजमापाच्या खोलीत एरवी कोणालाही दिसणार नाही इतका क्षीण किरणोत्सर्ग पंचवीस वर्षांनंतरही मोजता आला, तो याच शिस्तीमुळे. युरेनियमच्या 1938 च्या प्रयोगात तर मोजणीयंत्राचे मोजके टकटक आवाज एवढाच पुरावा हाती होता.

दुसरी गोष्ट हार मानण्याची. बीटा कणांची ऊर्जा एकाच मूल्याची नसून सलग पसरलेली असते असे इंग्लंडमधल्या एलिस आणि वूस्टर यांनी 1927 मध्ये उष्णता मोजून दाखवले. माइटनर यांचा अनेक वर्षांचा युक्तिवाद नेमका उलटा होता. त्यांनी ऑर्थमान या सहकाऱ्याला बरोबर घेऊन तोच प्रयोग अधिक काटेकोरपणे पुन्हा केला, निकाल एलिस यांच्याच बाजूचा आला, आणि तो त्यांनी जाहीर केला. ऊर्जा कुठे हरवते हा प्रश्न मग सगळ्यांच्याच पुढे उभा राहिला. डिसेंबर 1930 मध्ये वोल्फगांग पाउली यांनी ट्यूबिंगेनच्या बैठकीसाठी ‘प्रिय किरणोत्सारी स्त्रीपुरुषहो’ या मायन्याचे पत्र पाठवून ज्या अदृश्य कणाची कल्पना मांडली तो आज न्यूट्रिनो म्हणून ओळखला जातो. त्या मायन्यातल्या स्त्रिया म्हणजे मुख्यतः माइटनर.

दर्शनी भिंतीवर हान आणि त्यांचे सहकारी रसायनतज्ज्ञ फ्रिट्झ स्ट्रासमान यांनी येथे युरेनियमचे विखंडन, म्हणजे केंद्रकाचे दुभंगणे, शोधले अशी पाटी 1956 पासून आहे. माइटनर यांचे नाव भिंतीवर नंतर आले. इमारतीचे नावही ऑटो हान भवन होते, ते 2010 मध्ये हान-माइटनर भवन झाले. म्युनिकच्या डॉइचेस म्युझियममध्ये विखंडनाच्या प्रयोगाचे जे टेबल अनेक दशके हान यांचे टेबल म्हणून मांडले होते, त्यावरची बरीचशी मोजणीची साधने माइटनर यांच्या विभागात बनलेली होती. शिवाय असे एक टेबल कधी नव्हतेच. न्यूट्रॉनचा मारा एका खोलीत होई, रासायनिक विलगीकरण दुसऱ्या खोलीत आणि मोजणी तिसऱ्या खोलीत.

मराठी वाचकाने इथून जरा पुढे चालत जावे. ईनेश्ट्रासे 22 येथे कैसर विल्हेल्म मानववंशशास्त्र संस्थेची इमारत आहे. इरावती कर्वे 1920 च्या दशकाच्या अखेरीस याच संस्थेत ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली मानवी कवट्यांची मोजमापे करत होत्या, आणि गोऱ्यांच्या श्रेष्ठत्वाच्या फिशर यांच्या अपेक्षेला त्या मोजमापांतून आधार मिळत नाही असा निष्कर्ष त्यांनी लिहून दिला. माइटनर आणि कर्वे यांची भेट झाल्याचा उल्लेख माझ्या वाचनात नाही, पण दोघी एकाच काळात या झाडांखालून कामाला जात होत्या एवढे खरे. पुढे याच संस्थेत आउश्वित्झहून पाठवलेले मानवी अवशेष आले. इमारतीवर त्याची पाटी आहे आणि आता तिथे राज्यशास्त्र शिकवतात.

1933 मध्ये नाझी राजवट आली आणि ज्यू वंशाच्या म्हणून माइटनर यांचा अध्यापनाचा परवाना काढून घेतला गेला. ऑस्ट्रियन नागरिकत्वाच्या आडोशाने आणि कामाच्या ओढीने त्या थांबल्या. तेव्हाच निघून जायला हवे होते, नैतिकदृष्ट्या थांबणे चूक होते, असे त्यांनी युद्धानंतर स्वतःच लिहिले. मार्च 1938 मध्ये ऑस्ट्रिया जर्मनीत विलीन झाला आणि आडोसा गेला. 13 जुलैला डच शास्त्रज्ञ डिर्क कोस्टर यांच्या सोबतीने, पाकिटात 10 मार्क आणि हान यांनी सीमेवर गरज पडली तर म्हणून दिलेली आपल्या आईची हिऱ्याची अंगठी एवढे घेऊन, त्या रेल्वेने हॉलंडला निसटल्या.

शनिवार, कोपनहेगन

शुक्रवारी हॅम्बुर्गमार्गे रात्री पोहोचलो, त्यामुळे इथे फक्त सकाळ मिळाली. ब्लेगडाम्सवाय 17 ही नील्स बोर यांची संस्था बाहेरून एखाद्या जुन्या शाळेसारखी दिसते. माइटनर यांचा भाचा ऑटो रॉबर्ट फ्रिश तेव्हा इथे काम करत होता. नोव्हेंबर 1938 मध्ये हान आणि माइटनर यांची गुप्त भेट याच शहरात झाली. युरेनियमवर न्यूट्रॉनचा मारा करून मिळणाऱ्या पदार्थांत रेडियम आहे असे हान आणि स्ट्रासमान यांना वाटत होते, आणि माइटनर यांनी ते पुन्हा कसून तपासायला सांगितले. हा सगळा शोध 1934 मध्ये मुळात त्यांनीच हान यांना आग्रह करून सुरू केला होता आणि चार वर्षे सगळे मिळून चुकीच्या दिशेने, युरेनियमपेक्षा जड मूलद्रव्यांच्या मागे गेले होते. त्या चुकीत माइटनर यांचाही वाटा होता. जर्मन रसायनतज्ज्ञ इडा नोडाक यांनी केंद्रक फुटत असेल असे 1934 मध्येच सुचवले होते, आणि त्याकडे कोणीच लक्ष दिले नव्हते.

रविवार, कुंगेल्व

गोथेनबर्गहून बसने उत्तरेला वीसेक किलोमीटर. बर्फाची अपेक्षा होती, पण भुरभुर पाऊस होता आणि बोहुस किल्ल्याखालून नॉर्द्रे एल्व नदी भरून वाहत होती. वेस्त्रा गातान हा जुन्या रंगीत लाकडी घरांचा रस्ता आहे. माइटनर यांची बर्लिनच्या दिवसांतली मैत्रीण, स्वीडिश भौतिकशास्त्रज्ञ एवा फोन बार-बेर्गिउस इथे राहत असे. तिने नाताळासाठी बोलावले म्हणून माइटनर स्टॉकहोमहून आणि फ्रिश कोपनहेगनहून आले.

फ्रिश सकाळी न्याहारीला खाली आला तो आपल्या चुंबकाच्या प्रयोगाविषयी बोलायच्या बेताने. मावशी हान यांचे पत्र वाचत बसलेली होती आणि तिने ते त्याच्या हातात दिले. युरेनियमपासून त्याहून कितीतरी हलके बेरियम मिळते आहे, असे त्यात होते. ही चूक असेल असे फ्रिशला वाटले. हान इतके चांगले रसायनतज्ज्ञ आहेत की अशी चूक करणार नाहीत, हे मावशीचे उत्तर. दोघे बाहेर पडले, तो स्कीवर आणि ती पायी. तेवढ्याच वेगाने चालून दाखवीन असे ती म्हणाली आणि तिने तसे करून दाखवले. पडलेल्या झाडाच्या खोडावर बसून त्यांनी कागदाच्या कपट्यांवर आकडेमोड केली. केंद्रक द्रवाच्या थेंबासारखे मानले तर त्याला एकत्र ठेवणारा पृष्ठताण असतो, पण केंद्रकातला विद्युतभार जसा वाढतो तसा तो ताण निष्प्रभ होत जातो. 92 प्रोटॉनांच्या युरेनियमपाशी तो जवळजवळ संपतोच. एका न्यूट्रॉनच्या धक्क्याने असा थेंब लांबट होऊन मधोमध तुटू शकतो. बेरियमचे 56 आणि क्रिप्टॉनचे 36 मिळून 92 होतात. दोन्ही तुकडे एकमेकांना ढकलून जी ऊर्जा घेतील ती फ्रिशने मोजली, सुमारे 20 कोटी इलेक्ट्रॉन व्होल्ट. ही ऊर्जा येणार कुठून? केंद्रकांची वस्तुमाने काढण्याची सूत्रे माइटनर यांना पाठ होती. तुकड्यांचे एकत्रित वस्तुमान मूळ केंद्रकाहून प्रोटॉनच्या एकपंचमांशाने कमी भरते हे त्यांनी तिथल्या तिथे काढले, आणि आइन्स्टाइन यांच्या समीकरणाने त्याचे ऊर्जेत रूपांतर केले तर जवळजवळ तेच 20 कोटी येत होते.

हे ताईने नदीकाठच्या बाकावर, छत्रीखाली, आमच्या बसच्या तिकिटाच्या मागे मला करून दाखवले. प्रोटॉनचे वस्तुमान ऊर्जेत सुमारे 94 कोटी इलेक्ट्रॉन व्होल्ट, त्याचा पाचवा भाग जवळपास 19 कोटी. आकडे जुळायला दोन ओळी पुरतात. त्या दोन ओळींपर्यंत यायला कोणती सूत्रे डोक्यात असावी लागतात आणि कोणत्या रसायनतज्ज्ञावर कितपत विश्वास टाकायचा हे कळायला तीस वर्षांचा सहवास लागतो, हे तिचे म्हणणे मला पटले. माइटनर यांच्याजवळ तेव्हा ना प्रयोगशाळा होती ना विद्यार्थी. मान्ने सीगबान यांच्या स्टॉकहोममधल्या संस्थेत त्यांना जागा होती, साधने मात्र जवळजवळ नव्हती.

हान आणि स्ट्रासमान यांचा निबंध 6 जानेवारी 1939 रोजी छापला गेला. त्यावर देशोधडीला लागलेल्या ज्यू सहकारी बाईंचे नाव घालणे बर्लिनमध्ये शक्य नव्हते. माइटनर आणि फ्रिश यांनी आपला निबंध टेलिफोनवर बोलून लिहिला आणि तो 11 फेब्रुवारीला ‘नेचर’मध्ये आला.

मंगळवार, ब्रॅम्ली

लंडनहून रेडिंग, तिथून बेसिंगस्टोकच्या छोट्या गाडीने ब्रॅम्ली. सेंट जेम्स चर्च उघडे होते आणि आतल्या भिंतींवर मध्ययुगीन चित्रे आहेत, ती पाहण्यासारखी. माइटनर 1960 मध्ये केंब्रिजला भाच्याजवळ राहायला आल्या आणि 27 ऑक्टोबर 1968 रोजी तिथेच वारल्या. हान त्याच वर्षी जुलैत गेले होते, पण प्रकृती नाजूक म्हणून घरच्यांनी त्यांना ते सांगितले नव्हते. धाकटा भाऊ वाल्टर ब्रॅम्लीला पुरलेला असल्याने त्यांनाही तिथे ठेवले गेले.

दगड साधा आहे. ‘माणुसकी कधीही न गमावलेली भौतिकशास्त्रज्ञ’ अशा अर्थाची ओळ फ्रिशने लिहिली. 1943 मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञांबरोबर, अमेरिकेत अणुबाँब जिथे बनत होता त्या लॉस अलामोसला येण्याचे बोलावणे त्यांनी नाकारले आणि बाँबशी आपला काही संबंध असणार नाही असे सांगितले, हे त्या ओळीमागे आहे. जून 1945 मध्ये त्यांनी हान यांना लिहिलेले पत्रही त्यामागे असावे. तुम्ही सगळ्यांनी नाझी जर्मनीसाठी काम केले, निष्क्रिय प्रतिकारसुद्धा केला नाही, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. ते पत्र हान यांच्यापर्यंत पोहोचले नाही. मैत्री मात्र दोघांनी टिकवली.

ताईला ही ओळ पुरेशी वाटत नाही. दगडावर माणुसकी आहे आणि बीटा किरण नाहीत, असे ती म्हणाली. मी म्हटले, बोल्ट्झमान यांच्या दगडावर समीकरण आहे आणि माणूस नाही. त्यावर बेसिंगस्टोकची गाडी येईपर्यंत आमचा वाद चालू राहिला, आणि तो मिटला असे काही म्हणता येत नाही.